सी भाषेची ओळख (लेखांक 9) : चूक जिथे होते, तिथेच थांबा

गेल्या लेखांकात आपण अ‍ॅरेच्या सीमा पाहिल्या. 50 विद्यार्थ्यांच्या गुणांसाठी घेतलेल्या अ‍ॅरेतली घरे 0 ते 49. लूपच्या अटीत चुकून ‘पेक्षा लहान किंवा समान’ लिहिले, की क्रमांक 50 च्या, म्हणजे आपल्या नसलेल्या घरात लिखाण होते. सी अनेकदा तक्रार करत नाही. शेजारच्या चलाची किंमत गुपचूप बदलू शकते आणि चूक दिसते ती बऱ्याच पुढे, सरासरी काढताना. मग आपण सरासरीचे सूत्र तपासत बसतो, जे मुळात बरोबरच असते.

सोलापूरच्या वाचकांना यंत्रमाग नवा नाही. बाण्याचा धागा तुटला की मागावरचा छोटा काटा ते ओळखतो आणि माग उभा राहतो. तो थांबला नाही, तर चादरीतला दोष पुढे घडी घालताना कळेल. सी भाषेत हे काम असर्ट करतो.

असर्ट.एच ही हेडर फाइल जोडा आणि गुण लिहिण्याआधी एक ओळ घाला : असर्ट(क्र >= 0 && क्र < 50). अट खरी असेल तर काहीच घडत नाही. खोटी ठरली, तर ती अट, फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक छापून प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. चूक शोधण्याचे निम्मे काम त्या एका ओळीने होते. ही कल्पना जुनी आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1949 साली केंब्रिजच्या परिषदेत, फॅक्टोरियलच्या उदाहरणावर, प्रोग्रॅममध्ये अशी विधाने ठेवून तो तपासण्याची पद्धत मांडली होती.

आता सर्वांत घातक जागा. एनडीबग हे नाव हेडर जोडण्याआधी डिफाइन केले, की सगळे असर्ट प्रोग्रॅममधून गळतात. ग्राहकाला द्यायच्या प्रतीत अनेक जण असे करतात. त्यामुळे असर्ट(वाचा(फाइल) > 0) असे कधीही लिहू नका. अट गेली की वाचणेही गेले! आधी वाचा, उत्तर चलात ठेवा, मग त्या चलावर असर्ट लावा.

वापरणाऱ्याने चुकीचा आकडा टाकला किंवा फाइल सापडली नाही, तर तिथे असर्ट नको. अशा गोष्टी घडणारच, त्यासाठी इफ आणि नीट संदेश हवा. असर्ट फक्त आपल्या स्वतःच्या चुकांसाठी.

प्रोग्रॅम मध्येच बंद पडला म्हणून विद्यार्थी हिरमुसतात. माझ्या मते, चुकीची सरासरी निमूटपणे छापणारा प्रोग्रॅम त्याहून वाईट. या आठवड्यात आपल्या गुणपत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये असर्ट घाला, लूपची अट मुद्दाम बिघडवा आणि कोणती ओळ छापली जाते ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या लेखांकात तीच ओळ घेऊन जीडीबी हा डीबगर सुरू करू.