रेषा आरंभबिंदूतून गेली नाही तर?

आलेखवहीवर बिंदू मांडून पट्टीने रेषा ओढण्याचे काम तुम्ही सर्वांनी केले आहे. एखादा हट्टी बिंदू खोडरबराने हळूच रेषेवर आणण्याची युक्तीही तुम्हांला ठाऊक असेल!

वर्धा जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात साध्या लंबकाचा प्रयोग चालला होता. लंबकाची लांबी आडव्या अक्षावर आणि दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेतला, की सरळ रेषा मिळते. तिच्या उतारावरून गुरुत्वत्वरण काढतात. ‘रेषा आरंभबिंदूतून गेलीच पाहिजे’, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. न गेल्यास गुणही कापले.

त्या दिवशी एका विद्यार्थिनीने आपली निरीक्षणे संगणकावर ‘ग्नूप्लॉट’ला दिली. टॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी तयार केलेले हे सॉफ्टवेअर १९८६ साली प्रथम बाहेर आले. ते विनामूल्य मिळते आणि त्याची मूळ आज्ञावलीही कोणालाही वाचता येते. रेषा ते नजरेने ठरवीत नाही. प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर घ्यायचे, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करायची आणि ही बेरीज सर्वांत लहान करणारी रेषा निवडायची, अशी ही ‘किमान वर्ग’ पद्धत आहे.

रेषा सुरेख आली, पण मागे वाढवली तेव्हा आडव्या अक्षाला आरंभबिंदूच्या डावीकडे १ सेंटिमीटरवर मिळाली. मी लगेच चूक काढायला बसलो.

“लांबी कुठपर्यंत मोजलीस?”

“गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत, सर.”

लंबकाची लांबी मोजायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. व्हर्नियर लावून पाहिले. गोळ्याचा व्यास २ सेंटिमीटर. म्हणजे त्या रेषेने गोळ्याची त्रिज्याच सांगितली होती! प्रत्येक लांबीत तीच चूक असल्याने रेषा सबंध सरकली, उतार मात्र बदलला नाही. वर्ध्याच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. नुसत्या २० सेंटिमीटर धाग्यावरून थेट गणित केले तर उत्तर ९.३२ येते आणि १०० सेंटिमीटरवरून ९.६९. रेषा बळेच आरंभबिंदूतून नेली, की अशीच खोट उतारात शिरते. मी कापलेले ते गुण आता कोणाकोणाला परत देऊ?

सॉफ्टवेअरला भौतिकशास्त्र कळते, असे मात्र समजू नका. दोलनकालाचा वर्ग न करता आकडे दिलेत, तरी वक्रावर पडणाऱ्या त्या बिंदूंतूनही ते मुकाट्याने सरळ रेषा काढून देईल. म्हणून आधी बिंदू पाहावेत, मग रेषा.

ग्नूप्लॉटप्रमाणेच पायथन भाषेतील ‘मॅटप्लॉटलिब’ हेही विनामूल्य आहे. जॉन हंटर यांनी ते २००३ साली उपलब्ध करून दिले. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अशा मुक्त सॉफ्टवेअरचे काही पाठ मराठीतूनही ऐकायला मिळतात.

आता तुम्ही लांबी गोळ्याच्या तळापर्यंत मोजा. रेषा कोणत्या बाजूला सरकेल?