दोन मिनिटांचं विमान

कर्कवॉल, ऑर्कनी (स्कॉटलंड)

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनीची सत्तरेक बेटं आहेत. मनुष्यवस्ती त्यांतल्या जेमतेम विसांवर. त्यांपैकी वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारी बेटांच्या विमानतळांमधलं अंतर 2.7 किलोमीटर. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटं दिलेली असतात. वारा अनुकूल असला तर मिनिटभरही लागत नाही. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने एकदा 53 सेकंदांत विमान पलीकडे टेकवलं होतं. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण ते हेच.

ताशी आठशे किलोमीटर वेगाने भागून विमानप्रवासाचा वेळ काढायची आपल्याला सवय असते. तो हिशेब इथे लावला तर उत्तर बारा सेकंद येतं! त्यात चढणं नाही, उतरणं नाही, वाऱ्याकडे तोंड करायला घेतलेलं वळण नाही. आणि इथलं उड्डाण म्हणजे तेवढंच.

विमान ब्रिटन-नॉर्मन कंपनीचं 'आयलँडर'. दोन पंख्यांचं, आखूड धावपट्टीवर चालणारं, आठेक प्रवाशांचं. कोणी कुठे बसायचं ते वजनाच्या हिशेबाने ठरतं, आणि नशीब जोरावर असेल तर थेट वैमानिकाशेजारची खुर्ची मिळते. मागे हवाई सुंदरी नाही, चहा-कॉफी नाही. द्यायची तरी कधी?

पर्यटक विक्रमासाठी येतात. बेटकऱ्यांचं गणित निराळं आहे. पापा वेस्ट्रेला इथे सगळे 'पापे' म्हणतात. 2011 च्या जनगणनेत तिथे 90 माणसं होती. त्यांना जायचं असतं कर्कवॉलला, कारण मोठं इस्पितळ, बाजार, कचेऱ्या, सगळं तिथे. बोटीने जायचं तर कर्कवॉल ते वेस्ट्रे हाच दीड तासाच्या घरातला प्रवास. विमानाने पाव तासाचं काम. ते दोन मिनिटांचं उड्डाण म्हणजे याच फेरीचं शेपूट, वाटेवरचा एक थांबा. नुसतं वेस्ट्रेलाच जायचं तर छोटी लाँच पंचवीसेक मिनिटांत पोचवते. लोगनएअर ही कंपनी 1967 पासून ही विमानसेवा चालवते आहे. तिकिटांवर ती चालणं शक्यच नाही. तोट्याचा भार ऑर्कनीची नगरपरिषद उचलते, रस्ता बांधावा तसा. मला हे पटतं.

याच्या उलट उदाहरण कॉन्स्टन्स सरोवराचं. स्वित्झर्लंडचं आल्टेनऱ्हाइन आणि समोरच्या काठावरचं जर्मनीतलं फ्रीडरिक्सहाफेन यांच्यात 2016 च्या नोव्हेंबरात एका कंपनीने जेट विमान सुरू केलं. अंतर वीसेक किलोमीटर, उड्डाण आठ मिनिटांचं, पुढे तेच विमान कोलोनला. सरोवराला वळसा घालून मोटारीने तासाभरात जाता येतं, शिवाय रोमान्सहोर्नहून फेरीबोट आहेच. पर्यावरणवाद्यांनी टीका केली, प्रवासी फिरकले नाहीत, आणि पुढच्या वसंतात सेवा बंद पडली.

पापेला उतरून त्याच विमानाने परतणारे हौशी कमी नाहीत. त्यांचं राहतं काय, तर नॅप ऑफ हॉवर: इसवी सनापूर्वी 3700 च्या सुमाराचं दगडी शेतघर. भिंती उभ्या, आतली दगडी फडताळंही जागच्या जागी. धावपट्टीपासून पायी जाण्याजोगं. आणि बेटावर रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला विमानाचं तिकीट सवलतीत मिळत आलं आहे.