तिकीट मैदानाचं, खर्च रस्त्याचा
खेळाचा जमाखर्च : भाग 6

परगावी आपल्या संघाचा सामना बघायला जाणाऱ्या प्रेक्षकाकडून मैदानाने जास्तीत जास्त किती पैसे घ्यावेत, याचा एक आकडा इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2016 साली ठरवला. तीस पौंड. म्हणजे आजच्या भावाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. आपल्याला तो जड वाटतो, तिकडे मात्र तो स्वस्त समजतात. तो सुखासुखी मिळालेला नाही.

गेल्या भागात घरच्या मैदानावरच्या हंगामी पासाचं गणित पाहिलं. पाहुण्या प्रेक्षकाचं गणित वेगळं असतं. इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी तीन हजार जागा किंवा मैदानाच्या दहा टक्के, यातला जो आकडा कमी असेल तेवढ्या जागा राखतात. मागणी त्याहून कितीतरी जास्त. शिवाय हे गिऱ्हाईक भाव बघून दुसऱ्या दुकानात जाणारं नव्हे. शेजारच्या गावात दुसऱ्या संघाचा सामना निम्म्या पैशात आहे, म्हणून मँचेस्टरचा माणूस तिकडे वळत नाही. हे क्लबांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

जानेवारी 2013 मध्ये आर्सेनलने मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांना लंडनमधल्या सामन्याचं तिकीट 62 पौंडांना लावलं. सिटीच्या वाट्याची 912 तिकिटं न विकता परत गेली. पाहुण्यांच्या कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिल्या. त्याच काळात ‘वीस पौंड पुष्कळ झाले’ अशी मागणी पाठीराख्यांच्या संघटनांनी लावून धरली होती. मग आला 6 फेब्रुवारी 2016. लिव्हरपूलने घरच्या मैदानावरचं महागातलं तिकीट 77 पौंडांवर नेण्याचं ठरवलं होतं. सामन्याच्या 77व्या मिनिटाला हजारो माणसं उठून चालती झाली. तेव्हा लिव्हरपूल दोन-शून्यने पुढे होतं. उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला! काही दिवसांतच मालकांनी माफी मागून भाववाढ मागे घेतली. पुढच्याच महिन्यात सगळ्या क्लबांनी मिळून पाहुण्यांसाठी तीस पौंडांची मर्यादा मान्य केली. त्याच वर्षी टीव्हीच्या हक्कांतून तीन हंगामांचे पाच अब्ज पौंडांहून जास्त पैसे यायचे होते, त्यामुळे ‘परवडत नाही’ म्हणायला क्लबांना तोंड नव्हतं. युरोपच्या महासंघानेही नंतर चॅम्पियन्स लीगमध्ये पाहुण्यांचं तिकीट 2024-25 साठी 60 आणि 2025-26 साठी 50 युरोवर आणलं.

विश्वचषकाची तऱ्हा उलटी. 2026 च्या अंतिम सामन्याचं स्वस्तातलं तिकीट, तेही देशोदेशीच्या निष्ठावान पाठीराख्यांच्या कोट्यातलं, 4,185 डॉलर ठेवलं होतं. ओरड झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये फिफाने त्या कोट्याचा दहावा हिस्सा 60 डॉलरला द्यायचं कबूल केलं. कोटा आधीच मैदानाच्या आठ टक्के, त्याचा दहावा हिस्सा म्हणजे शंभरातली एक जागासुद्धा भरत नाही. ही उदारता फक्त बातमीपुरती.

आता हे सगळं अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारहून मोजून बघा.

इथला फुटबॉलवेडा पोरगा, आणि असे पोरगे आता तालुक्याच्या गावात सहज भेटतात, इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी संघाचा पाठीराखा आहे असं धरू. सामना अंधेरीच्या मैदानावर. नियमाच्या भाषेत हा घरचा प्रेक्षक. पण त्याचं घर मैदानापासून सातशे किलोमीटरवर. अमरावतीपर्यंत चाळीसेक किलोमीटर एसटी. सहा किलोमीटरचा एक टप्पा, जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर टप्प्याला साधारण दहा रुपये, म्हणजे सत्तर रुपये जाताना नि तेवढेच येताना. सोबत बहीण असेल तर तिला अर्धं तिकीट. ही सवलत मार्च 2023 पासून आहे. पुढे अमरावती-मुंबई एक्स्प्रेस, स्लीपरचे चारशेच्या मागेपुढे. रेल्वेने जुलै 2025 मध्ये बिगर-वातानुकूलित मेल-एक्स्प्रेसचं भाडं किलोमीटरमागे एक पैशाने वाढवलं. मुंबईपर्यंत ती वाढ सात रुपयांच्या आतच भरते, तिच्यावर मी शाई खर्च करणार नाही.

खरी गोम वेळेत आहे. आपल्या लीगचे बहुतेक सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात, संपायला सव्वानऊ-साडेनऊ. अमरावतीला परतणारी गाडी सीएसएमटीवरून आठच्या सुमारास सुटते. म्हणजे मध्यंतराची शिट्टी वाजायच्या आधीच त्याची गाडी फलाट सोडते. मग रात्र मुंबईत. लॉज म्हटलं की हजार रुपये गेलेच, नाहीतर नात्यातल्या कुणाच्या घरी डोंबिवलीला, नाहीतर पिशवी उशाशी घेऊन स्टेशनवर. दुसरा दिवस बुडाला, कॉलेजचा किंवा मजुरीचा, तो खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 पासून मुंबईचं विमान सुरू झालं खरं, पण ते रोज नव्हतं, आणि सामना काही विमानाचा वार बघून ठेवत नाहीत.

मैदानाचं तिकीट चार-पाचशे धरा. बाकी सगळं मिळून दीड ते दोन हजार. बाजारातल्या एका चहाच्या टपरीवर हा हिशेब मांडला तेव्हा एक जण म्हणाला, “तिकिटाचं सोडा भाऊ, येन्या-जान्याचं बोला.” तिकीट उद्या फुकट केलं तरी याचा खर्च पाचव्या हिश्शानेच कमी होईल. म्हणून तीस पौंडांची मर्यादा इथे उचलून आणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ती चांगली आहे, पण तिथल्या आजारावरचं औषध आहे.

आपल्या आजाराचं नाव वेळापत्रक. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. इंडियन सुपर लीगचा 2025-26 चा हंगाम भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यापारी भागीदाराच्या कराराच्या घोळात अडकला. 14 फेब्रुवारी 2026 ला सुरू होणार हे जाहीर झालं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे पहिल्या सामन्याच्या दिवसाचं आरक्षण उघडलं, तेव्हा सामनाच ठरलेला नव्हता. शिवाय त्या हंगामात 14 संघांनी एकमेकांशी एकदाच खेळायचं, एकूण 91 सामने. संघ आपल्या राज्यात वर्षातून मोजकेच दिवस दिसणार, आणि ते दिवस आयत्या वेळी कळणार. मग वेटिंग किंवा तत्काळ, आणि तत्काळचा जादा आकार प्रेक्षकाच्या खिशातून.

कोल्हापुरात ही अडचणच नाही. पाटाकडील तालीम असो की शिवाजी तरुण मंडळ, सगळे खेळतात शाहू स्टेडियमवर, आणि दोन्ही बाजूंचे पाठीराखे पेठेतून पायी येतात. तिथला फुटबॉल टिकला, त्यात या पायी अंतराचा वाटा मोठा आहे असं माझं मत. विदर्भात तसं मैदान नाही. पण वाट काढता येते. 6 फेब्रुवारी 2025 ला जामठ्यात भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना झाला, तेव्हा नागपूर मेट्रोने खापरीहून रात्री उशिरापर्यंत गाड्या सोडल्या. क्रिकेटसाठी जमतं ते फुटबॉलला निदान मागून तरी बघावं. सामन्यांच्या तारखा दोन महिने आधी पक्क्या करा आणि रविवारचे काही सामने संध्याकाळी पाचला ठेवा, एवढं लीगने केलं तरी वऱ्हाडातला पोरगा त्याच रात्रीच्या गाडीत बसू शकेल. यात कुणाचा एक रुपया बुडत नाही.

तोवर वाचकांना इतकंच सांगणं : मैदानाच्या तिकिटाआधी परतीचं आरक्षण बघा, आणि तारीख बदलली तर आरक्षण रद्द करायला किती कापतात तेही. पुढच्या भागात खेळाडूंना मिळणाऱ्या रेल्वे सवलतीबद्दल.