दमा, घोर आणि पहाटेची पाण्याची पाळी



गळीत हंगामात तोडीच्या तक्रारींबरोबर आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, दमा पहाटेच का उठतो?" एका सभासदांनी विचारले, "पोरगं पनवेलजवळ बेलपाड्यात राहतं. तिथं ना ऊस, ना पाचट. तरी नोकरीचा घोर लागला की त्याला धाप लागते, ती कशी?"

याचे बरेचसे उत्तर रक्तात आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. ताण आला की त्या ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. पहिले श्वासनळीभोवतीचे स्नायू सैल करते, दुसरे आतली सूज आवरते. जपानी शास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ॲड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात मिळविले. पुढे ते दम्यावर टोचले जाऊ लागले. आजचा सॅल्ब्युटॅमॉलचा पंप त्याच वाटेने चालतो, तर स्टिरॉइडचा पंप कॉर्टिसॉलचा भाऊबंद.

मग ताणाने दमा कमी व्हायला हवा! पण घोर महिनोन्महिने राहिला, की शरीर कॉर्टिसॉलला नीट दाद देत नाही. सतत पाणी तुंबलेल्या रानात खत टाकून ऊस उचलत नाही, तसेच हे. शिवाय मनाच्या ताणाने मेंदूकडून येणारा व्हेगस मज्जातंतू श्वासनळी आवळतो. शहरातली धूळ, धूर, ओल यांची त्यात भर पडते.

निरोगी माणसातही कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास आणि ॲड्रेनॅलिन पहाटे चारच्या सुमारास तळाला जाते. नेमकी त्याच वेळी आपली रात्रीची लाईट, गार वारा आणि पाण्याची पाळी!

म्हणून सभासदांनी एवढे करावे:

१. पाळीला जाताना पंप खिशात ठेवावा, नाकातोंडाला मफलर बांधावा, एकट्याने जाऊ नये.

२. बरे वाटले म्हणून स्टिरॉइडचा पंप मनानेच बंद करू नये.

३. रक्तदाबाची गोळी घेताना दमा असल्याचे डॉक्टरांना सांगावे. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या ॲड्रेनॅलिनची वाट अडवतात.

४. पाचट पेटवू नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत दाबून ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो जिवाणू संवर्धक टाकावे. रानाला खत होईल आणि शेजाऱ्याच्या छातीत धूर जाणार नाही.

औषध डॉक्टरांनीच ठरवावे. बोलता येईना, ओठ निळे पडले, की वाट न पाहता दवाखाना गाठावा. ऊस दोन दिवस थांबेल, श्वास थांबत नसतो.