मुस्तफा, देवपूरच्या उन्हात

‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ म्हटलं तर फारसं कोणाला आठवणार नाही. ‘मुस्तफा’ म्हणा, नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॉइन संपवलेला माणूस लगेच खुलतो. कॅपकॉमचा हा १९९३ सालचा गेम. त्याच्या मूळ बोर्डावर एक बॅटरी असे. नक्कल होऊ नये म्हणून आवाजाचा प्रोग्राम कुलूपबंद केलेला, आणि किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, पैसे मोजून घेतलेला बोर्ड निकामी. चोराला अडवायला मालकाचंच दार बंद करणारी ही युक्ती मला आजही उर्मट वाटते.

असे गेम आज टिकून आहेत ते इम्युलेटरमुळे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये ‘मेम’ हा इम्युलेटर आणला. तो गेम नव्याने लिहीत नाही, जुनं यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो, खोडींसकट. ‘पॅक-मॅन’च्या २५६व्या पातळीला एका बाइटमधली मोजणी ओसंडते आणि अर्धा पडदा कचऱ्याने भरतो. मेमवरही तो भरलाच पाहिजे.

‘मुस्तफा’चा मुख्य प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा, तर तो घरी चालवायला घेतलेला रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा इवलासा संगणक-बोर्ड १ गिगाहर्ट्झचा. तरी काम सोपं नाही. मूळ यंत्रात मुख्य प्रोसेसर, आवाजाचा प्रोसेसर आणि चित्राच्या चिपा एकाच वेळी राबत. इथे सगळ्यांची सोंगं आळीपाळीने वठवून सेकंदाला जवळपास साठ चित्रं द्यायची. नवा मेम जितका अचूक, तितकाच जड. म्हणून पायवर जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोपाय या सॉफ्टवेअरमधला ‘मेम २००३’ किंवा ‘फायनलबर्न निओ’ घ्यावा. रॉम, म्हणजे मूळ चिपांमधल्या गेमची प्रत, इम्युलेटरच्या त्याच आवृत्तीशी जुळणारी हवी, आणि तिची झिप फाइल उघडायची नाही.

आमच्या देवपुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. पायची चिप ८० अंशांच्या पुढे तापली की आपणहून वेग उतरवते, आणि ऐन मारामारीत गेम अडखळतो. चिपवर हीटसिंक लावा, डबीला हवेची भोकं ठेवा. कूलरच्या ओल्या झोतात मात्र ठेवू नका. बोर्डाला वीज जेमतेम दोन-तीन वॅट लागते. लाइट गेली तर तो पॉवरबँकवर चालेल, टीव्हीची सोय इन्व्हर्टरवर.

‘मुस्तफा’च्या रॉमवर हक्क कंपनीचाच आहे. ‘रॉबी रोटो’सारखे काही जुने गेम मात्र हक्कदारांच्या परवानगीने मेमच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. जॉयस्टिक आणि आवाज नीट लागलाय का, हे आधी त्यांवर पाहावं.