विश्लेषण : अमेरिकेतील नेमबाज शिशाचे भंगार का साठवतात?

अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारा छंदिष्टांचा एक वर्ग आहे. मिळेल तिथून शिशाचे भंगार आणायचे, विटा पाडून गॅरेजमध्ये रचून ठेवायचे, अशी त्यांची सवय. हा साठा कशासाठी आणि त्यात धोका कोणता?

घरी गोळ्या बनवणे कायदेशीर आहे?

काडतुसातून सुटून लक्ष्यावर जाणारा धातूचा तुकडा म्हणजे गोळी. वापरलेले काडतूस पुन्हा भरणे हा अमेरिकेत जुना छंद आहे. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला तेथे संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा असेल तर लागतो.

भंगार येते कोठून?

शिसे साधारण ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते घरगुती भांड्यातही ओतता येते. टायरच्या दुकानातील व्हील बॅलन्सिंगची जुनी वजने हा अनेक वर्षे सर्वांत स्वस्त स्रोत होता. जुने नळ, छपरावरचे पत्रे, छापखान्यातील खिळ्यांचा धातू यांनाही मागणी असते. खिळ्यांच्या धातूत अँटिमनी आणि कथील असल्याने तो अधिक कडक असतो.

मग साठा करण्याची घाई का?

एक कारण म्हणजे आटणारा पुरवठा. युरोपीय संघाने २००५ मध्ये मोटारींसाठी शिशाच्या वजनांवर बंदी आणली. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा राज्यांनीही पुढे तेच केले. आता बरीच वजने पोलाद किंवा जस्ताची असतात. दुसरे कारण टंचाईची धास्ती. डिसेंबर २०१२ मधील सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर कडक निर्बंधांच्या शंकेने दुकानांतील काडतुसे संपली. २०२० मध्ये करोनाकाळात तेच घडले.

हर्क्युलेनियमचा कारखाना चर्चेत का आला?

मिसुरी राज्यातील हर्क्युलेनियम येथील डो रन कंपनीचा कारखाना डिसेंबर २०१३ मध्ये बंद झाला. खनिजापासून शिसे काढणारा तो अमेरिकेतील शेवटचा कारखाना. ओबामा सरकारने मागच्या दाराने शस्त्रबंदी आणल्याची आवई तेव्हा उठली. वस्तुस्थिती वेगळी होती. हवेतील शिशाची मर्यादा २००८ मध्ये दर घनमीटरला १.५ वरून ०.१५ मायक्रोग्रॅमवर आली. नव्या यंत्रणेचा खर्च परवडणारा नसल्याने कंपनीने कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. शिवाय अमेरिकेतील बहुतांश शिसे जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरातून येते. त्यामुळे गोळ्यांचे शिसे संपण्याचा प्रश्नच नव्हता.

खरा धोका कोणाला?

घरातील लहान मुलांना. विटा नुसत्या रचलेल्या असताना धोका कमी असतो. भंगार वितळवताना वर येणारा मळ आणि त्याची धूळ घातक ठरते. ती हात, कपडे, बुटांवरून घरात येते आणि रांगत्या मुलाच्या तोंडात जाते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी नाही. बुद्धी, एकाग्रता आणि वर्तनावर होणारा परिणाम अनेकदा कायमचा असतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठीची संदर्भ पातळी प्रति डेसिलिटर रक्तात ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. लक्षणे उशिरा दिसतात, त्यामुळे रक्ततपासणी हाच खात्रीचा मार्ग.

भारतात काय स्थिती?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. मात्र शिशाची धूळ आपल्याकडे दुसऱ्या वाटेने घरात येते. वस्तीत, उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवले जाते. २०२० च्या युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे आणि अशा अवैध भट्ट्या हे त्यामागील एक मोठे कारण आहे. २०२२ च्या नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवी. इन्व्हर्टरची बॅटरी भंगारवाल्याला देण्याऐवजी नवी घेताना विक्रेत्याकडे जमा करणे, एवढे ग्राहकाच्या हातात आहे.