पाण्याखाली तग धरणारे भात

भात हे पाण्यातले पीक. कोकणात आपण त्याला भात म्हणतो, भंडारा-गोंदियाकडे धान म्हणतात. खाचरात घोटाभर पाणी असले की रोप मजेत वाढते. पण तेच पाणी शेंड्याच्या वर गेले तर? 2020 सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी उभे धान पाण्याखाली जाताना पाहिले.

रोप आठवडाभर पुरते बुडून राहिले, की बहुतेक जातींचे भात मरते. असे का होते?

रोपालाही आपल्यासारखा श्वास लागतो. पाण्याखाली प्राणवायू फार थोडा मिळतो. गढूळ पाण्यातून ऊनही नीट पोचत नाही, म्हणून पानांना अन्न तयार करता येत नाही. मग रोप डोके वर काढायची धडपड करते. भराभर उंच होते. ह्या धडपडीत अंगात साठवलेले अन्न संपून जाते. पाणी ओसरले की रोप लुळे होऊन आडवे पडते. म्हणजे पाणी तर मारतेच, पण घाईसुद्धा मारते.

ओडिशात नद्यांचे पूर नेहमीचेच. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेल्या एका जुन्या भातातून एक वाण निवडला गेला. त्याचे नाव एफ. आर. 13 ए. हे भात दोन आठवडे बुडाले तरी जगते. पण त्याचा उतारा कमी. म्हणून ते सगळीकडे पसरले नाही. मात्र बियाणे जपून ठेवलेले होते.

हे भात जगते कसे? शास्त्रज्ञांनी त्याचा पुष्कळ वर्षे शोध घेतला. 2006 साली अमेरिकेतल्या आणि फिलिपाइन्समधल्या शास्त्रज्ञांनी त्याचे मर्म सांगितले. ते मर्म एका प्रथिनात होते.

प्रथिने हा शब्द आपण दवाखान्यात ऐकतो. डाळ खा, अंडी खा, त्यांत प्रथिने असतात, असे डॉक्टर सांगतात. पण प्रथिने नुसती खायची वस्तू नव्हे. माणूस असो, बैल असो की भाताचे रोप असो, प्रत्येकाच्या अंगात हजारो तऱ्हेची प्रथिने असतात. आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. एखादे अन्न पचवते, एखादे अंग घडवते, तर एखादे गावच्या कोतवालासारखी दवंडी पिटते.

एफ. आर. 13 ए मधले ते प्रथिन असेच दवंडी देणारे. त्याचे नाव सब-1-ए. रोप बुडाले, की त्याची जणू हाक जाते : "वाढ थांबवा! अन्न जपून वापरा!" रोप गप्प बसून राहते. पाणी उतरले, की उरलेल्या अन्नावर पुन्हा पालवते.

मग शास्त्रज्ञांनी काय केले? पूर्व भारतात स्वर्णा नावाचे भात लोकांच्या आवडीचे. त्याचा जुन्या पूर सोसणाऱ्या भाताच्या वंशाशी संकर केला. दर पिढीत रोपांची तपासणी करून, हा गुण आलेली रोपे तेवढी निवडली. ती पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच जुळवली. अशा रीतीने स्वर्णा-सब-1 तयार झाले. भारतात ते 2009 साली शेतकऱ्यांना मिळाले. पूर आला नाही, तर ते स्वर्णाइतकेच पिकते. पूर आला, तर तग धरते. ओडिशातल्या गावांत पाहणी झाली. दहा दिवस बुडालेल्या शेतात त्याचे पीक साध्या स्वर्णापेक्षा सुमारे 45 टक्के जास्त आले.

त्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. पूर आधी शिरतो तो खोलगट जमिनीत. आणि तशी जमीन अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला जास्त आलेली. म्हणून ह्या बियाण्याचा फायदाही त्यांना जास्त झाला.

पण हे बियाणे म्हणजे जादू नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त पाणी राहिले, तर त्याचाही इलाज चालत नाही. महिना महिना पाणी तुंबणाऱ्या शेतालाही ते उपयोगी नाही.

शोध पुढेही चालू आहे. बहुतेक झाडांत पुराची वर्दी देणारी प्रथिने असतात, हे 2011 साली उलगडले. हवा मिळते तोवर झाड स्वतःच त्यांना मोडून टाकते. प्राणवायू संपला, की ती टिकतात आणि कामाला लागतात. ही मोडतोड सुरू करणारेही एक प्रथिनच! 2020 साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपात त्याची घडण पाहिली. कुलपाची घडण कळली, की किल्ली करता येते. तसेच हे. त्या प्रथिनाचे काम थोडे मंद केले, तर वर्दी देणारे जास्त टिकतील आणि दुसरी पिकेही पूर सोसतील, अशी आशा आहे. हे काम प्रयोगशाळेतले आहे. शेतापर्यंत यायला वेळ लागेल.

आपण काय करावे? आपले शेत किती दिवस बुडते, ते दरसाल लिहून ठेवावे. आता आपल्याला लिहिता येते! तो कागद कृषी सहायकाला दाखवून, कोणते बियाणे चालेल ते विचारावे. पूर सोसणारे भात लावले असेल, तर पाणी ओसरताच नांगर घालू नये. काही दिवस थांबावे, नवी पालवी फुटते का ते पाहावे.

आणि घरातले जुने बियाणे टाकून देऊ नये. ओडिशातल्या शेतकऱ्यांनी ते टाकले असते, तर शास्त्रज्ञांनी शोधले असते कशात?